हीथवरची झाडे निसर्गरक्षकच का तोडतात?

दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेटच्या हीथवर फिरताना वन्यजीव संरक्षणाचे काम करणारेच पाइन आणि बर्च तोडताना दिसले, हा उरफाटा प्रकार कसा, असे आपण विचारले आहे. गेली काही वर्षे हिवाळ्यात मीही तेथे स्वयंसेवक म्हणून हेच काम करतो, म्हणून लिहितो.

हीथ म्हणजे आम्लधर्मी, रेताड, निकस जमिनीवरचे हीदर आणि काटेरी गॉर्स या झुडपांचे माळरान, आणि ते बहुतांशी माणसानेच घडवलेले आहे. कांस्ययुगात जंगल तोडले गेले, पुढे शतकानुशतके गुरे चरत राहिली आणि गावकरी सरपणासाठी गॉर्स कापून नेत राहिले, त्यामुळे जमिनीचा कस वाढला नाही व झाडांचे बस्तान बसले नाही. हा वापर थांबला, त्यात शेती, पाइनची लागवड आणि घरबांधणीची भर पडली, आणि १८०० नंतर ब्रिटनमधील सखल भागातले ८० टक्क्यांहून अधिक हीथ नाहीसे झाले. माळरानाला ‘पडीक’ म्हणून तेथे झाडे लावण्याची हौस आपल्याकडेही आहेच.

झाडे वाढली की त्यांच्या सावलीचा फटका सँड लिझर्ड या सरड्याला चटकन बसतो, कारण त्याची मादी उघड्या वाळूत अंडी पुरते आणि ती उबवण्याचे काम ऊन करते. रातवा हा पक्षीही जमिनीवरच अंडी घालतो. डार्टफर्ड वॉर्बलर या लहान पक्ष्याला मात्र दाट गॉर्स लागतो (१९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या), म्हणून सरसकट सफाई करणे हेही चूकच.

पाइनचे रोप सर्वांत खालच्या फांदीच्याही खाली कापले की मरते. बर्च मात्र बुंध्यातून पुन्हा फुटतो. हे ठाऊक नसल्याने पहिल्या वर्षी मी नीटस कापलेल्या प्रत्येक बर्चच्या जागी पुढच्या वर्षी चार-चार धुमारे उभे होते. आता पावसाने माती सैल झाली की लहान रोपे मुळासकट उपटतो. अर्थात, चराईशिवाय हे सारे तात्पुरतेच ठरते. म्हणूनच २०२० मध्ये सात जमीनधारकांची क्षेत्रे जोडून झालेल्या ३,३३१ हेक्टरच्या डॉर्सेटमधल्याच पर्बेक हीथ्स राखीव क्षेत्रात गुरे, तट्टे आणि डुकरेही मोकळी सोडली जातात.

पुन्हा गेलात तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा आखूड दोरीने बांधून न्यावा, कारण जमिनीवर बसलेला रातवा पायाशी येईपर्यंत दिसत नाही.