उत्तर: जवसाच्या खोडात तंतू दिसत नाहीत

तुम्ही लिहिलंय की जवसाच्या खोडाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली झायलेम (पाणी वाहून नेणारा भाग) लालभडक येतं, तंतू मात्र सापडत नाहीत, आणि गाइड पीक बदलायला सांगतायत. पीक बदलू नका. माझंही अगदी असंच झालं होतं.

काप तुम्हाला जमतोच आहे. घोळ रंगाचा आहे. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने लिग्निन, म्हणजे पेशींच्या भिंती कडक करणारा पदार्थ, लाल होतं. अंबाडीच्या तंतूंत ते भरपूर, म्हणून ते लगेच रंगतात. जवसाच्या तंतूंत मुख्यतः सेल्युलोज, लिग्निन अगदी थोडं. ते फिकेच राहतात.

मी फी भरून एका प्रयोगशाळेत खोडं दिली होती. नागपूरचा मार्च, आणि त्यांनी ती ओली खोडं प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडू दिली. अहवाल एका ओळीचा: ‘तंतू आढळले नाहीत.’ रंग कोणता वापरला, तर म्हणे ती माहिती देत नाही. अहो, ज्या खोडापासून लिनन निघतं त्यात तंतू नाहीत, हे लिहिताना कुणालाच खटकलं नाही? त्या कागदापायी माझ्या प्रकल्पातून जवस वगळलं गेलं. पैशांचं सोडा, हंगाम गेला. रब्बीचं पीक, पुन्हा पेरायचं तर दिवाळीपर्यंत थांबा.

आता टोल्युडिन ब्लू हा दुसरा रंग घ्या, 0.05 टक्के, मिनिटभर, मग पाण्याने धुवा. झायलेम निळं-हिरवट दिसेल. तंतू फ्लोएमच्या (अन्न वाहून नेणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या अंगाला शोधा: जाड भिंतींच्या कोनदार पेशींचे पुंजके, मधली पोकळी बारीक. शंका उरलीच तर उभा काप घेऊन दोन पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) काटकोनात लावा, एक स्लाइडखाली, एक वर, आणि स्लाइड फिरवत राहा. तंतू चमकतील. आडव्या कापात ही चमक कमी असते, कारण भिंतीतलं सेल्युलोज बहुतेक तंतूच्या लांबीच्या दिशेने असतं. झायलेमही चमकतं, म्हणून जागा बघूनच ठरवा.

तंतू म्हटलं की लोक कापसाशीच तुलना करतात. कापूस म्हणजे बियांवरचे केस, तो इथे आणू नका.

मी रसायनांची तज्ज्ञ नाही, पण ते आम्ल वापराल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि कव्हरस्लिप घालूनच बघा. वाफेने लेन्स खराब होते.

बाहेर नमुना देऊच नका, असं माझं मत. द्यावाच लागला तर रंग कोणता, काप कोणता, फोटो मिळणार का, हे आधी लेखी घ्या, आणि सोबत अंबाडीचं खोडही द्या. त्यात तंतू लाल आले आणि जवसात नाही, तर निदान रसायन ठीक होतं एवढं तरी कळेल.