मंगोलियन की हिब्रू? आधी हे वाचा

लिपीवरून भाषा निवडू नका, ही चूक मी केलीय. मंगोलियात आज मुख्यतः सिरिलिक (रशियनची लिपी) चालते, ती आठवड्यात वाचता येते. हिब्रूत रोजच्या लिखाणात बहुतेक स्वर लिहितच नाहीत. शब्द आधी माहीत असेल तरच नीट वाचता येतो.

खरा फरक शब्द घडण्यात आहे. मंगोलियनमध्ये आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय मागे चिकटतात: गेर म्हणजे घर (हा निव्वळ योगायोग!), गेर्त घरी, गेरेस घरातून. पण प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांप्रमाणे बदलतो. आख म्हणजे थोरला भाऊ, म्हणून तिथे आखास (भावाकडून). क्रियापदही मराठीसारखं शेवटी. लिंगभेद नाहीच.

हिब्रूत शब्द आतूनच बदलतो. क-त-व या धातूतून कतव (त्याने लिहिलं), मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता). शब्द सुटे पाठ करू नका, धातूची वही ठेवा. 'तो लिहितो, ती लिहिते' म्हणणाऱ्याला कोतेव-कोतेवेत मात्र जड जात नाही.

गंमत म्हणजे मंगोलियनची जुनी उभी लिपी आणि हिब्रूची चौकोनी लिपी, दोघींचं मूळ अरामी या प्राचीन लिपीत.

बोलायला माणसं हवीत तर हिब्रू घ्या: इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्राएल ज्यू आहेत, अडलात तर त्यातले काही जण मराठीतही समजावतील.