ब्रिटिश तोफखान्यात भरती व्हायचे असेल तर

तुमचे बालपण देवळाली कॅम्पमध्ये गेले, वडील भारतीय तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि आता इंग्लंडला येऊन रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश तोफखान्यात, भरती व्हावे असा तुमचा विचार आहे. तिथल्या एवढ्या रेजिमेंटांपैकी कोणती निवडावी आणि त्यांच्या परंपरा काय आहेत, असे तुम्ही विचारले आहे. यांपैकी एका रेजिमेंटमध्ये हलक्या तोफांवर मी काही वर्षे काम केले आणि आता नागरी नोकरीत विल्टशायरमध्येच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉयल आर्टिलरी हीच मुळात कागदोपत्री एक रेजिमेंट आहे. २६ मे १७१६ रोजी पहिल्या जॉर्ज राजाच्या आज्ञेने लंडनजवळच्या वूलिच येथे तोफखान्याच्या दोन कायम कंपन्या उभ्या राहिल्या, तिथून तिचा इतिहास मोजतात. आज तिच्या पोटात क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक रेजिमेंट आहेत, आणि प्रत्येकीत काही बॅटऱ्या, म्हणजे काही तोफा आणि त्या चालवणारी माणसे यांच्या तुकड्या. ही रचना वडिलांना समजावून सांगावी लागणार नाही. हुद्दे मात्र वेगळे आहेत: साधा जवान गनर, त्याच्यावर लान्स बॉम्बार्डियर, मग बॉम्बार्डियर आणि त्यानंतर सार्जंट.

रेजिमेंट निवडताना नावाच्या भारदस्तपणाला भुलू नका. ती काय डागते आणि रणांगणावर कशी पोहोचते, एवढेच विचारा, कारण तुमची पुढची वर्षे कशी जातील हे त्यावरच ठरते. कोलचेस्टरची ७ पॅराशूट रेजिमेंट आणि प्लिमथची २९ कमांडो रेजिमेंट या दोन्हींकडे १०५ मिलिमीटरची हलकी तोफ आहे. ती सुमारे सतरा किलोमीटरपर्यंत मारा करते आणि हेलिकॉप्टरला टांगून नेता येते. पण पहिल्या रेजिमेंटसाठी पॅराशूट दलाची निवड चाचणी द्यावी लागते आणि दुसऱ्या रेजिमेंटसाठी कमांडो अभ्यासक्रम, आणि या दोन्हींत तोफेचे ज्ञान नव्हे, तर पाठीवरचे ओझे घेऊन धावणारे पाय कामी येतात. तुम्ही पंचविशीच्या आत असाल आणि शरीर साथ देत असेल तर मी या दोन्हींना पहिली पसंती देईन.

जड तोफांचा विभाग सध्या बदलाच्या मधोमध आहे. एएस-९० या स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा युक्रेनला दिल्यानंतर त्यांची जागा तात्पुरती स्वीडनच्या चौदा आर्चर तोफांनी घेतली असून पुढे आरसीएच-१५५ ही चाकांवरची तोफ येणार असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. याचा अर्थ असा की या शाखेत आज शिरणारा मुलगा एक यंत्र शिकेल आणि काही वर्षांत दुसरे. विल्टशायरमधल्या लार्कहिलची २६ रेजिमेंट सत्तर किलोमीटरपलीकडे जाणारी रॉकेटे डागते. थॉर्नी आयलंडवरच्या १२ आणि १६ या रेजिमेंटांकडे विमानविरोधी काम आहे: पहिलीकडे स्टारस्ट्रीक ही जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रे, तर दुसरीकडे जुन्या रॅपियर क्षेपणास्त्रांच्या जागी आलेली स्काय सेबर ही क्षेपणास्त्र प्रणाली. संगणक आणि रडार यांची आवड असेल तर हे काम बाहेर पडल्यावर नोकरी मिळवायलाही अधिक उपयोगी पडते.

आणखी एक काम असे आहे की ज्याचा विचार नवखा माणूस करत नाही. तोफखान्यातले काही जण तोफेजवळ नसतातच. पायदळाच्या पुढच्या तुकडीबरोबर राहून लक्ष्य शोधायचे, त्याचे नेमके स्थान तोफांना कळवायचे आणि गोळे कुठे पडतात ते पाहून मारा सुधारायचा, हे त्यांचे काम. वडिलांच्या ओळखीत एखादा निरीक्षण अधिकारी असेल तर त्याच्याशी अवश्य बोला. मला विचाराल तर खरा तोफखाना तिथे आहे, आणि तिथे डोके व पाय दोन्ही लागतात.

परंपरांबद्दल सांगायचे तर पहिली गोष्ट ध्वजाची. पायदळाच्या पलटणींना असतो तसा ध्वज रॉयल आर्टिलरीला नाही. तिच्या तोफा हेच तिचे ध्वज, आणि संचलनात त्यांना ध्वजासारखाच मान दिला जातो. पायदळ ध्वजावर मिरवते तशी युद्धांची नावेही तिला नाहीत, कारण ‘उबिक्वे’, म्हणजे सर्वत्र, हे १८३२ मध्ये चौथ्या विल्यम राजाने दिलेले ब्रीद त्या सर्व नावांच्या जागी आहे. त्याच्या जोडीला ‘न्याय आणि कीर्ती नेतील तिकडे’ अशा अर्थाचे दुसरे ब्रीद आहे. भारतीय तोफखान्याचे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’ आठवले तर हा वारसा कुठून आला ते वेगळे सांगायला नको.

युद्धांच्या आठवणी जपल्या जातात त्या बॅटरीच्या नावात, आणि सैनिकाची माया रेजिमेंटपेक्षा बॅटरीवर जास्त असते. १ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समधील नेरी गावी पहाटेच्या धुक्यात एल बॅटरी जर्मन माऱ्यात सापडली. तिच्या तोफा एकामागून एक बंद पडत गेल्या, तरी शेवटची तोफ चालूच राहिली आणि त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल ब्रॅडबरी, डॉरेल आणि नेल्सन या तिघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ती बॅटरी आजही नेरी हे नाव लावते. तुम्हाला जवळचे वाटेल असे नाव २९ कमांडोमध्ये आहे: ७९ (किर्की) बॅटरी. हे किर्की म्हणजे आपले खडकीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथे बापू गोखल्यांच्या सेनेचा कंपनीच्या फौजेपुढे निभाव लागला नाही, त्या लढाईचे ते नाव. मराठी मुलाने त्या नावाखाली चाकरी करावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात संकोच वाटला नसता. इतिहास निदान तिथे कोणी विसरलेले नाही.

चार डिसेंबरला तोफखान्याची पालक संत बार्बरा हिचा दिवस पाळतात. लंडनमध्ये दिसणारी किंग्ज ट्रूप ही घोडदळी तोफखान्याची मानाची तुकडी. सहा घोडे पहिल्या महायुद्धाच्या काळातील तेरा पौंडी तोफ ओढत नेतात आणि राजोद्यानात ४१ तोफांची सलामी होते. घोडेस्वारी येत नसली तरी ती शिकवली जाते. पण छायाचित्रांवरून तिथे जायचे ठरवू नका. पागा झाडणे, खोगीर-लगाम चमकवणे आणि पहाटे उठणे यांतच तिथला बराचसा दिवस जातो.

मूलभूत प्रशिक्षणानंतर तोफेचे शिक्षण लार्कहिलच्या रॉयल स्कूल ऑफ आर्टिलरीत होते. वूलिचहून मुख्यालय २००७ मध्ये इथे आल्यापासून हेच तोफखान्याचे घर आहे. एमसबरी हे बाजाराचे गाव आणि स्टोनहेंज दोन्ही जवळ आहेत. सॉल्सबरी प्लेन या माळरानावर तोफांचा सराव चालू असला की खिडक्या थरथरतात. देवळालीच्या मुलाला त्याचे नवल वाटणार नाही.

आता कागदपत्रांचे. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांसाठी असलेली पाच वर्षे वास्तव्याची अट २०१८ मध्ये काढली गेली, तरी त्यांच्या जागा मर्यादित असतात आणि अर्ज घेणे मधूनच थांबवले जाते. त्यामुळे सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका आणि कोणत्याही दलालाला पैसे देऊ नका. सेवेत असेपर्यंत व्हिसाची बंधने तुम्हाला लागत नाहीत. चार वर्षे सेवा करून बाहेर पडल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो आणि सेवा सहा वर्षांची झाली असेल तर त्याचे शुल्कही माफ होते. पत्नीला मात्र स्वतंत्र व्हिसा लागतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट आहे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट भारतीय बाजूची आहे. परकीय सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारे कार्ड, मिळत नाही. उद्या तुम्ही ब्रिटिश नागरिकत्व घेतले तर भारतीय नागरिकत्व संपेल आणि आईवडिलांना भेटायला येतानाही दर वेळी व्हिसाचीच वाट धरावी लागेल. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन भारतीय पारपत्र तसेच ठेवणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. भरतीचा अर्ज भरण्याआधी या एका मुद्द्यावर वडिलांशी बसून बोला.