'क्लीव्ह' या इंग्रजी शब्दाचे 'चिरणे' आणि 'चिकटणे' असे दोन विरुद्ध अर्थ कसे झाले?

एकाच शब्दाचा अर्थ इतका उलट कसा फिरला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गोंधळ या गृहीतकातच आहे, कारण 'क्लीव्ह' हा मुळात एक शब्द नसून उच्चाराने एकरूप झालेले दोन शब्द आहेत. मराठीत 'पळ' ही धावण्याची आज्ञाही असते आणि कालमापनाचे एककही. परंतु पहिल्याचे नाते 'पलायना'शी आणि दुसऱ्याचे संस्कृत 'पल'शी असल्यामुळे त्यात अर्थ बदलला असे आपण म्हणत नाही.

प्राचीन इंग्रजीत 'क्लेओफन' म्हणजे चिरणे आणि 'क्लिफियन' म्हणजे चिकटून राहणे, अशी दोन स्वतंत्र क्रियापदे होती. पुढे त्या भाषेतील प्रत्यय झिजत गेले, स्वर जवळ आले आणि दोन्हींचे रूप एक झाले. जर्मनमध्ये मात्र ती वेगळीच राहिली: चिकटण्यासाठी 'क्लेबेन' आणि लाकूड फोडण्यासाठी 'क्लीबेन', जरी हे दुसरे आता मुख्यतः दक्षिणेकडील बोलींत उरले आहे.

चिरण्याच्या 'क्लीव्ह'चा गोतावळा मोठा आहे. खाटकाचा सत्तूर म्हणजे 'क्लीव्हर', फट म्हणजे 'क्लेफ्ट', गाईचा दुभंगलेला खूर 'क्लोव्हन' आणि लसणाची पाकळी 'क्लोव्ह'. (लवंगेलाही 'क्लोव्ह' म्हणतात, पण तो शब्द खिळ्यासाठी असलेल्या लॅटिन 'क्लावुस'वरून फ्रेंचमार्गे आला, लवंग दिसतेही खिळ्यासारखी.) खनिज आपल्या नैसर्गिक सपाट प्रतलावर दुभंगते त्याला 'क्लीव्हेज' म्हणतात, ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे याच रीतीने फोडला गेला. चिकटण्याच्या शब्दाचे आप्त थोडे आहेत, पण त्यांत 'क्ले', म्हणजे चिकणमाती, आहे, हे मला फार समर्पक वाटते.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन्ही शब्द भेटतात: त्यातील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीशी 'क्लीव्ह' होतो, तर १४१ व्या स्तोत्रात लाकूड 'क्लीव्ह' केले जाते. वाचताना ओळखण्याची खूण अशी, की पुढे 'टू' किंवा 'अन्टू' आले तर अर्थ चिकटण्याचा आणि थेट कर्म आले तर चिरण्याचा. शिवाय 'क्लेफ्ट' आणि 'क्लोव्हन' ही रूपे आज केवळ चिरण्याच्या अर्थाचीच असतात.