"त्याला वेगळं बसवतात, मॅडम"

पहिली घटक चाचणी झाली की ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर दोन दिवसांनी एकच तक्रार येते. "शाळेने त्याला वेगळ्या गटात टाकलंय. आता सगळे त्याला ढ म्हणणार." घोडबंदर रोडवरच्या मोठ्या शाळांतले पालक हेच म्हणतात, कळव्यातलेही हेच. म्हणून गेल्या वर्षीच्या ओंकारबद्दल लिहिते. नाव अर्थातच बदललं आहे.

ओंकार पाचवीत. वर्गात गणित मागे पडत होतं, म्हणून शाळा त्याला आणि आणखी पाच मुलांना आठवड्यातून तीनदा वेगळं बसवून शिकवत होती. बाबांनी गटातून काढण्याचा अर्ज लिहूनच आणला होता. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं, ही धास्ती वेगळीच.

मी ओंकारला 503 वजा 278 करायला दिलं. त्याने न अडखळता 375 लिहिलं. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात तसेच ठेवले. बाबा कपाळाला हात लावून बसले. मला मात्र बरं वाटलं. ही धांदल नव्हती, त्याने स्वतः बनवलेला नियम होता. चुकीचा, पण नियम. तो एकदा सापडला की नेमकं कुठे शिकवायचं ते कळतं, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तो सापडणं अवघड असतं.

शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी त्याच्यापुढे ठेवली. "यातून मला दोनशे अठ्ठ्याहत्तर दे."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मोड लागेल. शंभराची एक नोट मोडून द्या."

दहाच्या दहा नोटा दिल्या. त्याने त्यातली एक परत पुढे केली. "हिचीपण."

बाबांचा चेहरा तेव्हाच सैलावला, पण अर्ज हातातच होता. पुढच्या खेपेला मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं. ते बांधकामावर सुपरवायझर.

"स्लॅब टाकल्यावर टेकू कधी काढता?"

"गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवसांनी. त्याहून मोठा असेल तर चौदा."

"चौदा दिवस टेकू लागले म्हणून स्लॅब कच्चा म्हणता का?"

"नाही हो. गाळाच मोठा असतो." मग ओंकारकडे बघत म्हणाले, "लवकर काढले तर मात्र बसतो."

अर्ज त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मी व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या विचारातली. आज आधाराने जमतं तेच मूल उद्या एकट्याने करतं, यावर माझा पंचवीस वर्षांचा विश्वास. पण ते इतकं थेट त्या दिवशी मला ओंकारच्या बाबांनी समजावलं.

तेव्हा पालकांनो, गटातून काढा म्हणण्याआधी शाळेला विचारा: नेमकं कोणतं कौशल्य शिकवताय, आठवड्यातून किती वेळ, प्रगती कशी मोजता, आणि गट पुन्हा कधी ठरवणार? वर्गातलं शिकवणं, मग छोटा गट, मग एकेकट्याला मदत, या पायऱ्या दोन्ही बाजूंनी चढता-उतरता आल्या पाहिजेत. वर्षभर तोच गट आणि मोजमाप काहीच नाही, असं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापून हे वर्ग घेऊ देऊ नका. ओंकारचा खेळाचा तास जात होता. बाबांनी तेवढं मात्र बदलून घेतलं.

आणखी एक. एकट्याला नियमित मदत मिळूनही वाचन-लेखन-गणित हलत नसेल तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणींची) तपासणी करा. शंका आधीच दाट असेल तर पायऱ्या संपायची वाट बघू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

ओंकारला तपासणीची गरज पडली नाही. दिवाळीनंतर त्याचे तीन दिवस एकावर आले. वजाबाकी पक्की झाली, भागाकार अजून अडतो. "तो एक दिवस राहू दे," असं शाळेला बाबांनीच सांगितलं.