कॉकटिएलचं पिल्लू नक्की कधी घरी आणावं?

तुम्ही लिहिलंय की कॉकटिएलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू महिन्याभराचं आहे आणि विक्रेता म्हणतो, "आत्ताच न्या, सिरिंजने तुम्हीच भरवलंत तर लळा लागेल." माझ्याकडे कॉकटिएलच्या जोड्या आहेत, पिल्लं मीही देतो. माझं ऐकाल तर आत्ता आणू नका.

भरवणं दिसतं तितकं सोपं नाही. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांसाठीचं पातळ कालवलेलं खाणं, साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअसला द्यावा लागतो. जास्त गरम झाला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, गार झाला तर अन्न तिथेच साचून आंबतं. सिरिंज चुकली तर घास श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू दगावतं. लळ्याचं म्हणाल, तर स्वतः खायला शिकलेलं, पोट भरलेलं पिल्लूही तुमच्या खांद्यावर येऊन बसतं. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच.

कॉकटिएल पाचव्या आठवड्याच्या सुमारास घरट्याबाहेर पडतं आणि बहुतेक आठ ते दहा आठवड्यांत स्वतःचं स्वतः खायला लागतं. बजरीगर या छोट्या पोपटाला सहा आठवडे पुरतात, आफ्रिकन ग्रे या मोठ्या राखाडी पोपटाला साडेतीन-चार महिने सहज लागतात. पण नुसत्या वयावर जाऊ नका. मादी एक दिवसाआड अंडी घालते, त्यामुळे एकाच घरट्यातल्या थोरल्या-धाकट्यात आठवड्याचं अंतर पडू शकतं. "ही सगळी दोन महिन्यांची" या बोलण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

मी बघतो ती संध्याकाळची गळ्याखालची पिशवी. दिवसभरात एकदाही न भरवता, झोपायच्या वेळी ती हाताला भरलेली लागली पाहिजे. पिल्लू वाटीत चोच मारतंय एवढ्यावर फसू नका, बरीच पिल्लं दाणे नुसते चघळून टाकतात. ट्रेमध्ये राळ्याची, बाजरीची रिकामी टरफलं दिसली तर ते खरंच खातंय, अख्खे दाणे पडले असतील तर खेळतंय. पाणी आपलं आपण पितंय का, तेही बघा.

रोज सकाळी, खाण्याआधी, किचनच्या वजनकाट्यावर वजन घ्यायला सांगा. उडायला लागताना ते थोडं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मग ते स्थिरावायला हवं. रोज घटत असेल आणि छातीचं हाड टोकदार लागत असेल तर पिल्लू उपाशी राहतंय.

शेवटचा घास बंद झाल्यावरही मी पिल्लू साधारण दोन आठवडे माझ्याकडेच ठेवतो. तेवढ्यात ते नीट उडायला आणि उतरायला शिकतं. त्याआधी पंख कापून देणारा माणूस मला तरी पटत नाही.

नव्या घरी आल्यावर काही पिल्लं पुन्हा मान हलवत घास मागतात. अशा वेळी मऊ शिजवलेलं कोमट धान्य चमच्याने पुढे करा आणि पहिले काही आठवडे दाणे तेच ठेवा, ज्यांची त्याला सवय आहे.

कोणी आपल्या देशी हिरव्या पोपटाचं पिल्लू देऊ केलं तर मात्र सरळ नकार द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे.

तुम्ही आत्ता थोडे पैसे देऊन पिल्लू राखून ठेवा आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी जाऊन पिशवी स्वतः हात लावून बघा. विक्रेता ठेवून घ्यायला तयार नसेल तर दुसरीकडे शोधा.