नवी जेट स्की पाण्यात घालायच्या आधी

भाऊ, नवी कोरी हाय म्हणून डायरेक्ट येलदरी धरणाच्या पाण्यात सोडू नको. आधी सीट काढ अन् टॉर्च मारून कूलिंगच्या अन् एक्झॉस्टच्या पायपांचे क्लॅम्प एकेक हातानं हलवून बघ, कारण एखादा ढिला राहिला की बाहेर पडायचं पाणी आतच भरत बसतं अन् वरून काही कळत बी नाही. बॅटरीचे टर्मिनल आवळ, हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरव, थ्रॉटल सोडल्यावर गपकन मागं आला पाहिजे. मागचे ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकांची बुचं, टाइट आहेत का बघ. शोरूमवाला म्हणंल सगळं चेक केलंय, म्हणू दे त्याला. पहिली चक्कर काठाजवळच मार, परत सीट उघड, थोडं ओलं चालतं पण तांब्याभर पाणी दिसलं तर फोटो काढ अन् वॉरंटीतच दुरुस्त करून घे.